फळीतला सुरा

"आला तुझा तंबू. उतर," मी मोटरसायकल बंद करत म्हणालो.

आई उतरली नाही. मागच्या सीटवर बसूनच ती नव्या कमानीकडं बघत राहिली. कमानीवर सिमेंटचे दोन सिंह होते आणि त्यांच्या जबड्यांत दिवे लावले होते.

"ह्ये कुणी केलं?" तिनं विचारलं.

"धैर्यशीलनं. दुसरं कोण करणार?"

"सिंव्हाच्या तोंडात दिवा?" ती म्हणाली. "आपल्या खऱ्या सिंव्हाला दात न्हवतं. दुधात पाव भिजवून घालायचो आमी त्येला."

सांगली-मिरज रस्त्यावरची 'तंबू' खानावळ चार महिने पत्र्याआड होती. ते पत्रे निघाले त्या दिवशी, खंडेनवमीला. या गोष्टीला आता बावीस वर्षं होतील, पण त्या कमानीचा ओला रंग अजून नाकात आहे. जुनी खानावळ म्हणजे खरोखरचा तंबू होता. आमची सर्कस मोडली तेव्हाचं ठिगळाचं कापड, खालून बांबू, मध्ये गोल रिंगण आणि रिंगणाभोवती टेबलं. हत्ती ज्या लोखंडी स्टुलावर पाय ठेवायचा तो गल्ला होता. वाढपी जोकराच्या टोप्या घालून तांबडा रस्सा वाढायचे आणि पोरं रडायची थांबायची. मीसुद्धा त्यातलाच. दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं की स्वर्गात गेलं तर असंच ताट मिळत असणार.

"आई, चप्पल," मी मागून ओरडलो. तिच्या एका चपलेचा अंगठा सुटला होता.

ती थांबली आणि सगळी वळली, पावलांसकट. आई कधी नुसती मान वळवून बघायची नाही. मागून हाक मारली की खांब फिरवावा तशी अख्खी फिरायची. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं म्हणून ही सवय, असं मी धरून चाललो होतो. डावा कान म्हणजे जो काही उरला होता तो. वरचा अर्धा नव्हताच. त्यावरून तिचा पदर चोवीस तास असायचा.

कमानीखाली उस्ताद उभे होते. त्यांना बघितलं आणि माझ्या मुठी वळल्या. बाराव्या वर्षापासूनची खोड ती.

रंगराव उस्ताद, सर्कशीत सुरे फेकणारा आणि पुढं ही खानावळ काढणारा माणूस. माझी आई शेवंता, त्यांच्या फळीवर अकरा वर्षं उभी राहिलेली बाई. बाई हात पसरून लाकडी फळीला पाठ लावून उभी राहते आणि उस्ताद पंधरा पावलांवरून बारा सुरे तिच्या भोवती रोवतो, चार बोटं अंतर राखून. सर्कशीचा एक रिवाज होता. फळीवरची बाई वयानं लहान असली तरी तिला आक्का म्हणायचं, आणि खेळाआधी उस्तादानं तिच्या पाया पडायचं. उस्ताद आईपेक्षा सोळा वर्षांनी मोठे, तरी रोज वाकायचे. माझे वडील तंबूचा खांब उभारताना पडून गेले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. त्यानंतर आमचं पोट त्या फळीवरच होतं.

शाळेत सहावीत एका पोरानं मला 'कानतुटीचा' म्हटलं. मी त्याचा दात पाडला आणि घरी येऊन आईला विचारलं, तुझा कान कुणी तोडला? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "उस्तादांचा हात हलला."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी खानावळीत उस्तादांसमोर जाऊन उभा राहिलो आणि हेच विचारलं. त्यांनी हातातला पाण्याचा जग खाली ठेवला. "व्हय बाळा," म्हणाले, "माझा हात हलला." कालवणात मीठ जास्त पडलं असं सांगावं, तसं सांगितलं. निदान रडायचं तरी होतं! त्या दिवसापासून मी त्या खानावळीतल्या फळीकडं बघायचं सोडलं आणि उस्तादांना बघितलं की मुठी वळायला लागल्या.

आणि माझी आई? दर खंडेनवमीला त्याच माणसाच्या सुऱ्यांना स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावायची आणि त्याच्याच हातचं मटण जेवायची. पहिलं ताट आक्काचं, मग गिऱ्हाईक. मला तिचाही राग यायचा.

पण त्या दिवशी मी ठरवून आलो होतो. धैर्यशीलनं, म्हणजे उस्तादांच्या पोरानं, नव्या तंबूच्या उद्घाटनाला तीन-चारशे माणसं बोलावली होती आणि माइक लावला होता. त्या माइकवर, त्या माणसांसमोर उस्तादांनी आईची माफी मागायची. वीस वर्षांनी का होईना. नाही मागितली तर मी मागायला लावणार. मी चोवीस वर्षांचा होतो. कुपवाडच्या कारखान्यात टर्नर होतो, लेथवर लोखंड सोलायचो. सकाळीच मशीनला झेंडूचा हार घालून, नारळ फोडून आलो होतो आणि कपाळावर कुंकू तसंच होतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची असते. त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

उस्तादांना पोरानं लाल कोट घातला होता, सोनेरी काठाचा. सत्तरीचा वाळलेला माणूस त्यात आणखी लहान दिसत होता. आईला बघून ते लगबगीनं पुढं आले आणि सवयीनं वाकले.

"आक्का, म्या न्हाई काढला गं," ते हळूच म्हणाले. "देवाशप्पत सांगतो. पोरानं काढला. मला इचारलंसुदिक न्हाई."

"काय काढलं?" मी विचारलं.

आईचा चेहरा उतरला. "शेवटचा सुरा," ती म्हणाली.

ते मला माहीत होतं. ज्या सुऱ्यानं आईचा कान गेला, तो उस्तादांनी फळीतून परत काढलाच नव्हता. रक्त चाखलेला सुरा फळीतून काढायचा नाही, असा सर्कशीचा नियम होता. जिथं रुतला तिथं गंजू द्यायचा. खानावळीत फळी उंचावर, कोपऱ्यात, दोरखंडांच्या जाळीमागं टांगलेली असायची. चुलीच्या धुरानं काळी झालेली, आणि त्यात तो सुरा, मुठीला तांबडं फडकं बांधलेला. दर खंडेनवमीला आई शिडी लावून फक्त त्या मुठीला कुंकू लावायची.

"सर्जा, घरी चल," आई एकदम म्हणाली.

"का? जेवायचं नाही तुला?"

"मला बरं वाटंना."

"बरं वाटंल," मी म्हणालो आणि तिचा दंड धरून आत नेलं. तिचा हात थंड पडला होता. मला वाटलं, अपशकुनाला घाबरली.

आत सगळं नवं होतं. प्लॅस्टिकचा तंबू, थंड हवेची यंत्रं, फरशीचं रिंगण. बाहेर टळटळीत दुपार आणि आत रात्र केलेली. वाढप्यांच्या नुसत्या टोप्या गेल्या होत्या, आता सगळ्यांची तोंडं रंगवली होती, पांढरी, लाल ओठांची. हत्तीचा स्टूल काचेच्या पेटीत होता. रिंगणाच्या टोकाला काहीतरी उंच उभं केलं होतं, निळ्या साटिनच्या पडद्याआड. त्यापुढं चौरंग मांडला होता, झेंडू, हळदकुंकू आणि लाल कापडावर बारा सुरे. अकरा काळे. बारावा घासूनपुसून चकचकीत केलेला.

आई त्या बाराव्या सुऱ्याकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं.

धैर्यशीलनं माइक घेतला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला टाळ्यांची हाव होती. "आणि आता," तो म्हणाला, "ज्यांच्यामुळं हा तंबू उभा आहे, त्या आमच्या आक्का!"

टाळ्या वाजल्या. दोन जोकरांनी आईला हाताला धरून रिंगणात नेलं. मीही मागोमाग गेलो.

"आबा, लोकांना सांगा," धैर्यशीलनं माइक उस्तादांच्या तोंडाशी धरला. "त्या दिवशी हुबळीच्या खेळात काय झालं?"

उस्तादांनी आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली. आता म्हणेल, आता मागेल माफी.

"माझा हात हलला," उस्ताद म्हणाले.

एवढंच. तेच मीठ, तेच कालवण. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या आईच्या कानाला टाळ्या. एका टेबलावरच्या माणसानं तर शिट्टी घातली.

"हाच तो सुरा!" धैर्यशील ओरडला. "आणि आक्का, पदर जरा बाजूला घ्या. फोटोवाला थांबलाय. लोकांना कान दिसू दे."

आई मागं सरकली. धैर्यशीलनं हसत हसत हात पुढं केला आणि तिच्या पदराला घातला. तेवढ्यात उस्तादही पुढं आले, त्यांचाही हात आईच्या डोक्याकडं गेला. बापलेक मिळून माझ्या आईला उघडं करतायत, एवढंच मला दिसलं.

मी उस्तादांना मारलं.

पहिला गुद्दा तोंडावर बसला. दात माझ्या बोटांच्या सांध्यावर फुटल्यासारखे लागले. ते मागं गेले आणि पहिल्या टेबलावर आडवे पडले, ताटं उडाली, तांबडा रस्सा लाल कोटावर सांडला. मी टेबलावर चढून त्यांची कॉलर धरली आणि परत मारलं. आणि परत. लेथवर काम करणाऱ्याचा हात जड असतो. मला एक गोष्ट आठवते आणि ती सांगायची लाज वाटते: त्यांनी हात वर केला नाही. ज्या माणसाचे हात डोळे बांधून सुरे फेकायचे, त्यानं तोंडसुद्धा झाकलं नाही.

"माफी माग!" मी ओरडत होतो. "माग तिची माफी!"

"सर्जा..." ते म्हणत होते. बाकीचं रक्तात बुडत होतं.

कुणीतरी मला मागून खेचलं, मी कोपर मारलं आणि त्याचं नाक मोडलेलं कळलं. बायका किंचाळत होत्या. खुर्च्या पडत होत्या. मी उस्तादांना टेबलावरून ओढून रिंगणात आणलं, चौरंगापाशी पाडलं आणि त्यांच्या छातीवर गुडघा दिला. हात चौरंगावर गेला तेव्हा हातात तो चकचकीत सुरा आला. मी उस्तादांचा डावा कान दोन बोटांत धरला.

जे करणार होतो, ते करणारच होतो. माझ्या मनात काडीची शंका नव्हती. पातं कानाच्या वरच्या कडेला टेकलं आणि कातडी चिरून रक्ताची बारीक धार मानेवर आली. उस्तादांनी डोळे मिटले.

"सर्जा!"

आईची हाक. मी मान वळवून बघितलं.

त्याच क्षणी कुणा जोकराच्या हातातला रस्सा वाढायचा लोखंडी डाव माझ्या डाव्या कानशिलावर बसला. हाक नसती आली तर तो पाठीत बसला असता. डोक्यात घंटा वाजली, सुरा हातातून सुटला आणि मी बाजूला कोसळलो. मग ते सगळे तुटून पडले. रंगवलेली पांढरी तोंडं, लाल ओठ, आणि त्यांच्या लाथा. एका जोकरानं माझ्या बरगडीत लाथ घातली तेव्हा काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. धैर्यशील ओरडत होता, "सोडू नका! पोलीस येईपर्यंत सोडू नका!" मी उठायचा प्रयत्न केला, हाताला निळं साटिन लागलं, त्याला धरून उठायला गेलो आणि पडद्यासकट खाली आलो.

लाथा थांबल्या. सगळे वर बघायला लागले.

पडद्यामागं फळी होती. जुनीच, पण घासून धूर काढलेली, रिंगणाच्या जमिनीवर सरळ उभी. सुऱ्यांच्या प्रत्येक खुणेतून सुतारानं आरपार भोक पाडलं होतं आणि मागून दिवे लावले होते. अंधारात एक बाई उभी होती, उजेडाच्या ठिपक्यांची. पसरलेले हात, कंबर, खांदे, मान, डोकं. माझी आई, तिशीतली.

मी जमिनीवर पडलो होतो, एक डोळा सुजून बंद होत चालला होता, आणि मी त्या बाईकडं बघत होतो. बारा वर्षं त्या फळीकडं बघितलं नव्हतं. टर्नरच्या डोळ्याला एक वाईट सवय असते. समोर काहीही आलं तरी तो मापतो. फळीच्या मधोमध दोन फळ्यांचा उभा सांधा होता, आईच्या पाठीच्या कण्याची जागा. त्या सांध्यापासून उजव्या कानाजवळचं भोक जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर डाव्या कानाजवळचं. ते भोक इतरांपेक्षा मोठं होतं, कडा गंजानं तांबड्या झालेल्या. वीस वर्षं सुरा बसला होता ती जागा. मी परत बघितलं. दुसऱ्या बाजूनं बघितलं. सुताचाही फरक नव्हता.

हात हलला असता तर एक भोक आत असायला हवं होतं. बाईच्या आत. त्या बाईच्या आत एकही भोक नव्हतं.

"आई," मी म्हणालो. जीभ जड झाली होती. "सुरा बरोबर बसलाय."

आई खाली बसली होती, उस्तादांचं डोकं मांडीवर घेऊन.

"आई, सुरा जागेवर आहे. त्यांचा हात नाही हलला. तू हललीस."

"आक्का, गप," उस्ताद म्हणाले. ओठ फाटला होता, शब्द नीट उमटत नव्हते. "गप ऱ्हा. पोराला कशाला..."

"न्हाई उस्ताद," आई म्हणाली. "लई झालं आता."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या फळीकडं बघतच बोलली.

"हुबळीचा खेळ हुता. तू साडेतीन वर्सांचा. सर्कशीतली मथूआजी तुला पडद्यामागं धरून बसायची. त्या दिवशी तिला ताप हुता, तिचा डोळा लागला. अकरा सुरं बसलं हुतं. बारावा उस्तादांच्या हातनं सुटला अन् तू रिंगणात पळत आलास. 'आई' म्हणालास."

ती थांबली. थंड हवेची यंत्रं तेवढी घरघरत होती.

"फळीवर हुबं ऱ्हायलं की आभाळ कोसळलं तरी मान वळवायची न्हाई. पयला धडा त्यो. अकरा वर्सं पाळला मी. सिंव्ह सुटला हुता एकदा, तवाबी न्हाई वळवली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हाक आली, बगितलं."

डाव्या कानातून काहीतरी ऊन ऊन वाहत होतं.

"त्याच दिवशी ह्येंनी मालकाला सांगितलं, माझा हात हलला म्हणून," आई म्हणाली. "मी न्हाई म्हणत हुते. म्हणलं, माझीच चूक सांगा. तर म्हणालं, आक्का, तू का हललीस असं लोक इचारतील. मग पोराचं नाव निगंल. पोरानं आईचा कान घालवला, असं जल्मभर सगळी त्याला सांगतील. त्येला कळत न्हाई असल्या वयाचं हाय, त्येच्या डोस्क्यावर ह्ये द्यायचं न्हाई."

"पण त्यांचं काय..."

"हात हलला म्हणणाऱ्या उस्तादाला परत सुरा कोण देतंय? एकाबी सर्कशीनं घेतलं न्हाई. नामी उस्ताद हुता, सर्जा. परदेशातनं बोलावणं आलं हुतं. इथं येऊन रस्सा वाढत बसला."

धैर्यशीलच्या हातात माइक तसाच होता. तो कधी बापाकडं, कधी आईकडं बघत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मघाशी आईच्या पदराला लागलेला हात त्यानं खिशात घातला.

"अन् मघाशी," आई म्हणाली, "त्यो पोरगा पदर वडीत हुता. उस्ताद त्येचा हात धराय आलं हुतं. तू कुणाला मारलंस बग."

मी रांगत त्यांच्याजवळ गेलो. कोणी अडवलं नाही. उस्तादांचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. पुढचे दोन दात नव्हते. कानावर माझ्या सुऱ्याची लाल रेघ होती, वरच्या कडेला, बरोबर आईच्या जागी. मला म्हणायचं होतं, उस्ताद, मला माफ करा. पण माफी हा शब्द मी तासाभरात इतक्यांदा ओरडलो होतो की तो आता तोंडात यायला तयार नव्हता. मी नुसतं माझं कपाळ त्यांच्या पायांवर टेकवलं. लेथचं कुंकू त्यांच्या बुटाला लागलं.

"ऊठ," ते म्हणाले. "बरगडी मोडलीया तुझी. हलू नगंस."

हवालदार आला तेव्हा लोक आपोआप बाजूला झाले. जाडजूड, कपाळाला कुंकू लावलेला माणूस. पूजेवरून उठून आला असावा. त्यानं सांडलेला रस्सा बघितला, रक्त बघितलं, चौरंगापाशी पडलेला सुरा बघितला.

"कुणी मारलं म्हाताऱ्याला?" त्यानं विचारलं.

धैर्यशीलनं तोंड उघडलं, पण उस्तादांनी हात वर केला. आईच्या आधारानं ते उठून बसले. कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"कुणी न्हाई सायेब," ते म्हणाले. "फरशी नवी हाय. माझा पाय घसरला."

तोच आवाज. कालवणात मीठ जास्त पडलं, तसा. माझ्या बाराव्या वर्षी हाच आवाज ऐकून मी या माणसाचा द्वेष करायला लागलो होतो. आता तोच आवाज माझ्या मोडलेल्या बरगडीत जाऊन बसला.

"पाय घसरला आणि तोंड असं झालं?" हवालदार म्हणाला.

"टेबलावर पडलो. तोल गेला माझा."

"आणि हा?" हवालदारानं माझ्याकडं बोट केलं.

"त्यो मला धराय आला. त्योबी पडला."

आईनं डोळे मिटले. चारशे माणसं होती आणि एकानंही हूं की चूं केलं नाही. मी नुसता गप्प राहिलो असतो तर काम झालं असतं. घरी गेलो असतो, बरगडी बांधली असती आणि पुढच्या खंडेनवमीला त्यांच्याच हातचं जेवलो असतो.

मी फळीला धरून उभा राहिलो.

"साहेब, त्यांचा पाय घसरला नाही," मी म्हणालो. "मी मारलं. त्या सुऱ्यानं कान कापायला निघालो होतो."

"गप की रं पोरा," उस्ताद म्हणाले.

"आणि त्यांचा हातही कधी हलला नव्हता."

हवालदाराला दुसरं वाक्य कळलं नाही. त्याला कळायची गरज नव्हती. त्यानं माझा दंड धरला, तसा हळूच धरला, आणि म्हणाला, "चल. आधी दवाखाना, मग चौकी."

त्या दिवसाबद्दल मी चार महिने आत काढले. कोर्टात उस्तादांनी पुन्हा सांगितलं की पाय घसरला, आणि न्यायाधीशांनी त्यांना समज दिली. माझ्या डाव्या कानात डाव बसल्यापासून शिट्टी वाजते ती अजून वाजते. औषध विचारायला मी कुठं गेलो नाही. उस्ताद आता नाहीत. त्यांच्या तेराव्याला मी आणि धैर्यशीलनं मिळून तो सुरा पुन्हा त्याच भोकात बसवला आणि मागचा दिवा काढून टाकला.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी हवालदार मला घेऊन नव्या कमानीकडं चालला होता. दारातून ऊन आत आलं होतं. मी वळून बघितलं. आई रिंगणात पाठमोरी बसली होती. पदराचं टोक पाण्यात भिजवून ती उस्तादांच्या तोंडावरचं रक्त पुसत होती, आणि त्यामुळं तिचं डोकं उघडं पडलं होतं. अर्धा कान सगळ्यांना दिसत होता. तिला त्याची शुद्ध नव्हती.

"आई," मी हाक मारली.

तिचे हात उस्तादांच्या तोंडावर होते, ते तिनं काढले नाहीत. खांदे हलले नाहीत, पाय हलले नाहीत. तिनं नुसती मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.